वॉक्साहॅचीची लाल कोर्ट-कचेरी : पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

डॅलसच्या आसपास मराठी घरे आता भरपूर आहेत, आणि उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा, सासू-सासरे आले की दुसऱ्या आठवड्यात प्रश्न पडतोच : ‘मॉल झाले, देऊळ झाले, आता यांना कुठे न्यायचे?’ मी सगळ्यांना वॉक्साहॅचीला पाठवते. जाऊन आले की ते मला प्रश्न पाठवतात, आणि बहुतेक तेच तेच असतात. म्हणून उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत.

१. हे वॉक्साहॅची आहे कुठे, आणि एका कोर्टाच्या इमारतीसाठी एवढ्या लांब का जायचे?

फार लांब नाही. डॅलसपासून दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटर, आय-३५ई महामार्ग धरून सरळ. टेक्सासातल्या एलिस काउंटीचे हे मुख्य गाव. २०२० च्या जनगणनेत वस्ती चाळीस हजारांच्या पुढे गेली, पण ही इमारत उभी राहिली तेव्हा गाव जेमतेम तीन-चार हजारांचे होते. एवढ्याशा गावाने चौकाच्या मधोमध लाल-गुलाबी दगडाचा, कमानींचा, बुरुजांचा आणि मनोऱ्याचा जणू किल्लाच उभारला. आजूबाजूला दुमजली विटांची दुकाने आणि मध्ये हे. गाडी वळणावर आली की मागच्या सीटवरून ‘अरे बापरे’ ऐकू येतेच.

२. नावाचा उच्चार काय, आणि अर्थ काय?

‘वॉक्साहॅची’, जोर ‘हॅ’ वर. सुरुवातीला ‘वॅक्स’ म्हटले की तुम्ही बाहेरचे हे लगेच कळते. नावाचा अर्थ गायींचा किंवा रानम्हशींचा ओढा असा बरेचदा सांगितला जातो. मूळ शब्द इथल्या आदिवासी भाषांतला आहे, पण कुठल्या भाषेतला आणि नेमका कशासाठी यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ओढा मात्र आहे, आणि त्यालाही हेच नाव आहे.

३. ‘कोर्टहाउस’ म्हणजे जिल्हा न्यायालयच ना?

अर्धेच बरोबर. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘कोर्ट-कचेरी’, आणि इथे तो अक्षरशः लागू पडतो. खटले तर चालतच, शिवाय जमिनीचे दस्त नोंदवणे, लग्नाचा परवाना काढणे, कर भरणे हे सगळे जुन्या काळी याच एका छपराखाली होई. म्हणजे आपले न्यायालय, तहसील, दुय्यम निबंधक आणि जिल्हा परिषद एकाच वाड्यात.

एक गंमत लक्षात ठेवा. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला इथे ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात. त्यात एक काउंटी जज आणि चार कमिशनर असतात. नाव कोर्ट, पण काम मुख्यतः रस्ते, पूल, अंदाजपत्रक यांचे. तेव्हा ‘कोर्टाने ही इमारत बांधायचे ठरवले’ असे कुठे वाचले तर तो न्यायालयाचा निकाल समजू नका. तो लोकांनी निवडून दिलेल्या कारभाऱ्यांचा ठराव होता.

टेक्सासात २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीला अशी एक मुख्य कचेरी आहे. काउंटी म्हणजे आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढा मुलूख धरा. एलिस काउंटी सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरची आहे.

४. एवढ्याशा गावाकडे एवढा पैसा आला कुठून?

कापसातून. हा प्रश्न विदर्भातला कुणी विचारतो तेव्हा मी आधी त्याला इमारतीपासून लांब, गावाबाहेरच्या शेताकडे नेते. माती बघा म्हणते. काळी, चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात फुगून बुटाला किलोभर चिकटणारी. यवतमाळच्या माणसाला ती लगेच ओळखू येते. मृदाशास्त्रातही या दोन्ही मातींचे कूळ एकच. टेक्सासात या पट्ट्याला ‘ब्लॅकलँड प्रेअरी’ म्हणतात.

नाते मातीपुरतेच नाही. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस इंग्लंडला पोहोचेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा १८७० मध्ये गेला तो याच कापसासाठी. युद्ध संपले, इकडचा कापूस पुन्हा बाजारात उतरला, आणि १८७९ मध्ये वॉक्साहॅचीलाही रेल्वे आली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत एलिस काउंटी देशातल्या सर्वाधिक कापूस पिकवणाऱ्या काउंट्यांत गणली जाऊ लागली. वऱ्हाडचा आणि इथला शेतकरी एकमेकांना न ओळखता एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसले होते.

पण कापसाचा पैसा शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या खिशात होता, काउंटीच्या तिजोरीत नव्हे. ही अडचण १८८१ मध्ये सुटली. टेक्सासच्या विधिमंडळाने काउंट्यांना कचेऱ्या बांधण्यासाठी रोखे काढायची मुभा दिली. कर्ज काढून आज बांधा आणि वर्षानुवर्षे करातून फेडा. त्यानंतर राज्यभर कचेऱ्यांची चढाओढच लागली. शेजारच्या काउंटीचा मनोरा आपल्यापेक्षा उंच का, हा तेव्हा गंभीर राजकीय प्रश्न होता.

५. कुणी बांधली, कधी, आणि खर्च किती?

वास्तुविशारद जेम्स रीली गॉर्डन. जन्म १८६३ चा, म्हणजे हे काम हाती आले तेव्हा वय तिशीच्या जरा पुढे. टेक्सासात त्याने दीड डझन कचेऱ्या बांधल्या. पुढे ॲरिझोनाच्या विधानभवनाची इमारतही त्याचीच, आणि शेवटी तो न्यूयॉर्कला गेला. वॉक्साहॅचीच्या इमारतीची कोनशिला ४ जुलै १८९५ ला बसवली आणि काम १८९७ मध्ये पुरे झाले. खर्च सहसा १,७५,००० डॉलर सांगितला जातो. इतर आकडेही कानावर येतात, कारण कुणी फर्निचर धरतो, कुणी धरत नाही.

याआधीही गावात कचेऱ्या होत्या. काउंटी १८४९ च्या शेवटी स्थापन झाली, एमरी रॉजर्स या सुरुवातीच्या रहिवाशाने गावासाठी जमीन दिली, आणि पहिली कचेरी लाकडी ओंडक्यांची होती. ओंडक्यांपासून ग्रॅनाइटपर्यंत पोहोचायला पन्नास वर्षेही लागली नाहीत.

६. ही गॉथिक म्हणायची का? मुंबईच्या हायकोर्टासारखी वाटते.

नाही, पण गोंधळ समजण्यासारखा आहे. मुंबईचे हायकोर्ट १८७८ चे, गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि वर निमुळते होत जाणारे सगळे. इथल्या कमानी बघा. त्या अर्धवर्तुळाकार, बुटक्या आणि रुंद खांद्यांच्या आहेत. याला ‘रिचर्डसोनियन रोमनेस्क’ म्हणतात. हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुविशारदाने फ्रान्स-स्पेनमधल्या जुन्या चर्चेसवरून हा ढंग अमेरिकेत रुजवला. पिट्सबर्गला त्याने बांधलेले कोर्टहाउस, जे त्याच्या मृत्यूनंतर १८८८ मध्ये पुरे झाले, देशभरच्या कचेऱ्यांसाठी गिरवायचा कित्ताच झाले.

दगडाचे दोन रंग मुद्दाम वापरले आहेत. भिंतींना गुलाबी ग्रॅनाइट, पट्ट्यांना आणि नक्षीला लाल वालुकाश्म. ग्रॅनाइट कठीण, त्यावर बारीक कोरीव काम अवघड आणि महाग पडते. वालुकाश्म मऊ, कोरायला सोपा. म्हणून सगळी गंमत लाल दगडात आहे. संध्याकाळी चार-पाचच्या उन्हात जा, दुपारी बाराला नको.

७. वीज, पंखे, एसी काही नसताना टेक्सासच्या उन्हाळ्यात लोक आत बसत कसे?

गॉर्डनचे खरे डोके इथे दिसते, आणि बहुतेक लोक नेमके हेच न बघता पुढे जातात. इमारतीचा आराखडा अधिकच्या चिन्हासारखा आहे. चिन्हाच्या चार कोपऱ्यांत ज्या मोकळ्या जागा उरतात तिथे ओसऱ्या आहेत, आणि आत जायची दारे त्या ओसऱ्यांतून. मधोमध मनोऱ्याखाली पोकळी आहे. गरम हवा त्या पोकळीतून वर चढते आणि सावलीतल्या ओसऱ्यांतून थंड हवा आत ओढली जाते. मनोरा नुसता घड्याळ टांगायला नाही, तो धुरांड्यासारखे काम करतो.

वाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपला चौक हेच काम करतो, फक्त वर आभाळ उघडे असते. माझे सासरे ओसरीतल्या दगडी बाकावर बसले आणि म्हणाले, ‘इथे झोप लागेल.’ मला वाटते गॉर्डनला यापेक्षा चांगली पावती कुणी दिली नसेल.

८. खांबांवरचे ते चेहरे कुणाचे? काही सुंदर, काही अगदीच भुतासारखे आहेत.

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. गावात सांगतात ती गोष्ट आधी ऐका.

हॅरी हर्ली नावाचा एक पाथरवट कामासाठी गावात आला. तो ज्या खानावळीत उतरला त्या घरची मुलगी, मेबल फ्रेम, त्याच्या मनात भरली. त्याने पहिल्या ओसरीच्या खांबावर तिचा चेहरा कोरला : गोल गाल, शांत डोळे, वळलेले केस. पण मेबलने त्याला दाद दिली नाही. हॅरीचे मन जसे कडवट होत गेले तसे दगडातले चेहरेही बदलत गेले. पुढच्या ओसरीवर ओठ वाकडे, त्यापुढे डोळे वटारलेले, जीभ बाहेर, दात विचकलेले. शेवटी तर चेहऱ्यात माणूसही उरला नाही. आणि बिचारी मेबल? ती रोज बाजाराला जाताना स्वतःचाच अपमान दगडात वाढताना बघत राहिली.

मुलांना घेऊन गेलात तर ‘सगळ्यात सुंदर मेबल शोध’ असा खेळ लावा. अर्धा तास आरामात जातो. गोष्टीतले खरे-खोटे पुढच्या उत्तरात.

९. मग ही प्रेमकथा खरी आहे का?

माझे मत : नाही. गोष्ट म्हणून झकास, इतिहास म्हणून टिकत नाही.

पहिली अडचण कामाच्या पद्धतीची. असले कोरीव काम एका माणसाच्या मनःस्थितीवर चालत नसे. ते ठेक्याने दिले जाई, कारखान्यात अनेक हातांनी होई. या इमारतीच्या कोरीव कामाशी डॅलसच्या थिओडोर बाइलहार्ट्स यांच्या दगडकाम कारखान्याचे नाव जोडले जाते. दगड कोरून तयार आला की गवंडी तो जागेवर चढवत. म्हणजे ओसरीला चक्कर मारताना आपल्याला चेहऱ्यांचा जो क्रम दिसतो तो चढवण्याचा, कोरण्याचा असेलच असे नाही. प्रेमभंगाची पायरी-पायरीने उतरण आपण आपल्या चालण्याच्या दिशेने तयार करतो. उलट दिशेने फिरा, हॅरी हळूहळू प्रेमात पडताना दिसेल.

दुसरे म्हणजे, भेसूर चेहरे या शैलीचा भागच आहेत. रोमनेस्क चर्चेसवर तोंडातून पाने फुटलेले, जिभा काढलेले, गाल फुगवलेले चेहरे शतकानुशतके कोरले गेले. आपल्याला तर यात नवल वाटायलाच नको. देवळाच्या उंबरठ्यावरचे कीर्तिमुख आठवा. वटारलेले डोळे, सुळे, फाकलेला जबडा. त्याला बघून कुणी ‘पाथरवटाचे लग्न मोडले असेल’ म्हणत नाही.

तरी अशी गोष्ट का जन्मते, याचे उत्तर मुंबईत मिळते. हायकोर्टाच्या खांबावर एका डोळ्यावर पट्टी बांधलेले माकड न्यायाचा वाकडा तराजू धरून बसले आहे, आणि वकिलाचे बँड घातलेला कोल्हाही आहे. त्याबद्दलही सांगतात, की एका पारशी उपठेकेदाराचे मुख्य ठेकेदाराशी वाजले, तो खटला हरला आणि त्याने दगडात सूड उगवला. दोन खंड, दोन कोर्टे, आणि दोन्हीकडे लोकांनी एकच कथा रचली : कोर्टाच्या भिंतीवर काहीतरी चमत्कारिक दिसले की कुणाचा तरी राग त्यात असणारच. कोर्टातून हसत बाहेर पडलेला माणूस फारसा कुणी पाहिलेला नसतो, त्याचाही हा परिणाम असेल.

१०. डेकॅटरला अगदी अशीच इमारत पाहिली. नक्कल कुणी कुणाची केली?

कुणीच नाही. डेकॅटर, म्हणजे वाइज काउंटीची कचेरी, फोर्ट वर्थच्या वायव्येला. तीही गॉर्डनचीच, त्याच दोन-तीन वर्षांतली, तिथेही गुलाबी ग्रॅनाइट. वास्तुविशारदाने आपलाच जमलेला आराखडा (उत्तर ७) पुन्हा वापरला, शिंप्याने एकाच मापाचे दोन कोट शिवावेत तसा. दोन्ही पाहिलेल्यांत वाद होतात. माझे मत वॉक्साहॅचीच्या बाजूने, कारण चेहरे. डेकॅटर टेकाडावर असल्याने लांबून जास्त रुबाबदार दिसते, हे मात्र मान्य करायला हवे.

११. इतक्या जुन्या इमारती अमेरिकेत पाडून टाकतात. ही वाचली कशी?

आधी गरिबीमुळे, मग कायद्यामुळे. १९२० नंतर कापसाचे भाव कोसळले, बोंडावरच्या भुंगेऱ्याने पीक खाल्ले, पाठोपाठ महामंदी आली. नवी, ‘आधुनिक’ कचेरी बांधायला पैसाच नव्हता. गावातले ट्रिनिटी विद्यापीठही १९४२ मध्ये सॅन अँटोनियोला निघून गेले. ज्या काउंट्यांची भरभराट चालू राहिली त्यांतल्या काहींनी आपल्या जुन्या कचेऱ्या जमीनदोस्त करून काचेचे डबे उभारले. वॉक्साहॅचीला तो मोह परवडला नाही.

१९७५ मध्ये इमारत आणि भोवतालचा चौक राष्ट्रीय वारसा यादीत गेला. १९९८ मध्ये एका राष्ट्रीय वारसा संस्थेने टेक्सासच्या सगळ्याच जुन्या कचेऱ्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत टाकल्या, आणि १९९९ मध्ये राज्याने त्यांच्या जीर्णोद्धारासाठी निधी देणारी योजना सुरू केली. वॉक्साहॅचीचा जीर्णोद्धार त्याच योजनेतून होऊन २००२ मध्ये पुरा झाला. अशा कामात नवे घालण्यापेक्षा जुने उघडे करण्याचे काम जास्त असते : खोटी छते काढणे, मध्येच घातलेल्या भिंती पाडणे, पुरलेल्या वायरी उपसणे.

१२. दगडाची इमारत, मग आगीची भीती कशाला?

बाहेरून दगड, आतून लाकूड. छपराचे वासे, जमिनी, जिने, मनोऱ्याचा सांगाडा सगळे जळणारे. याच रस्त्याने दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासावर हिल्सबरो आहे, हिल काउंटीची १८९० ची कचेरी तिथली. १ जानेवारी १९९३ ला ती आगीत भस्मसात झाली, दगडी भिंती तेवढ्या उरल्या. त्याच काउंटीत जन्मलेला गायक विली नेल्सन याने मदतीसाठी कार्यक्रम केला, गावाने वर्गणी काढली, आणि १९९९ मध्ये इमारत पुन्हा उभी राहिली. दोन्ही एका दिवसात बघून होतात.

१३. तळघरात पाण्याच्या नळावर जुनी पुसट अक्षरे आहेत म्हणे. ती कशाची?

‘निग्रोज’ असे लिहिलेले आहे. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांनी कुठल्या नळाला तोंड लावायचे ते सांगणारी पाटी. जीर्णोद्धाराच्या सुमारास ती पुन्हा उजेडात आली, आणि मिटवायची की ठेवायची यावर काउंटीत वाद झाला. शेवटी ती जपायचे ठरले.

मी पाहुण्यांना हे मुद्दाम सांगते, कारण वरच्या सगळ्या उत्तरांत कापूस आला, पण कापूस वेचणारे हात आले नाहीत. काउंटी बनली तेव्हा टेक्सासात गुलामगिरी होती, आणि ती संपल्यावरही काळी कुटुंबे वाट्याने शेती करत कर्जात अडकलेली होती. ज्या कचेरीत त्यांच्या नशिबाचे निकाल लागत त्या कचेरीच्या ज्यूरीत त्यांना बराच काळ जागा नव्हती. पाणवठा वेगळा असणे म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळे समजावायची गरज नाही. १९२७ चे महाडचे चवदार तळे आपल्याला माहीत आहे. ती पाटी रंगली असेल तेव्हा आपल्याकडे पाटी नव्हती एवढेच, नियम सगळ्यांना तोंडपाठ होता.

१४. अजून तिथे खटले चालतात का? आत जाता येते?

न्यायालयांचे बहुतेक काम आता चौकाजवळच्या नव्या इमारतीत हलले आहे. जुनी इमारत काउंटीच्या कारभाराची आणि मानाची जागा म्हणून वापरात आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे माझ्या आईने पायरीपाशी उभे राहून म्हटले होते, तरी चढा. कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत जा. सरकारी इमारत आहे, तेव्हा खिशातला चाकू, सुपारीचा अडकित्ता गाडीतच ठेवा. शनिवार-रविवारी बाहेरूनच बघावी लागेल, पण चेहरे सगळे बाहेरच आहेत.

१५. लग्नाचा परवाना तिथून काढता येतो का? गुरुजी लावतील ते लग्न चालेल का?

परवाना टेक्सासच्या कुठल्याही काउंटीच्या क्लार्ककडून मिळतो आणि राज्यभर चालतो, तेव्हा एलिस काउंटीतूनही काढता येईल. मात्र तो काढल्यापासून साधारणपणे ७२ तास थांबावे लागते आणि ९० दिवसांच्या आत लग्न व्हावे लागते. गुरुजींनी लावलेले लग्न चालते. त्यांनी मंगलाष्टके झाल्यावर परवान्यावर सही करायची आणि तो क्लार्ककडे परत पोहोचवायचा. नेमके हेच जेवणाच्या गडबडीत राहून जाते. कागद करवलीकडे देऊ नका, तिच्याकडे आधीच दहा पिशव्या असतात.

१६. तो अर्धवट सोडलेला मोठा विज्ञानप्रकल्प इथलाच का?

हो, सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर, म्हणजे अणूहून लहान कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवून बघायचे यंत्र. जमिनीखाली ८७ किलोमीटरचा वर्तुळाकार बोगदा होणार होता, २३ किलोमीटरच्या आसपास खोदला गेला, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने पैसा बंद केला. वर बघण्यासारखे काही नाही, त्यासाठी गाडी वाकडी करू नका.

१७. कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. याच काउंटीतल्या एनिसच्या रस्त्यांना तेव्हा ब्लूबॉनेटची निळी फुले असतात, ती सकाळी बघून दुपारनंतर कचेरीवर या. जुलै-ऑगस्टमध्येच पाहुणे आले असतील तर सकाळी नऊच्या आत पोहोचा, आणि आजी-आजोबांना आधी ओसरीत बसवा.